जोता वर, आवार खाली: विश्रामबागेतल्या दोन शेजारी प्लॉटचं प्रकरण

सांगलीच्या जुन्या कॉलन्यांमध्ये सध्या दर दोन-चार घरांआड एक बैठा बंगला पडतोय आणि त्या जागी दुमजली-तिमजली घर उभं राहतंय. हद्द, सावली, पार्किंग यावरून शेजाऱ्यांत कुरबुरी होतातच. पण सगळ्यात जास्त चिघळतं ते लेव्हलचं, म्हणजे कुणाची जागा किती उंच याचं, भांडण, कारण त्यात बहुतेक वेळा दोन्ही घरांचं म्हणणं खरं असतं. हे प्रकरण तसंच आहे. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. आधी एका घरानं मला आपल्या बाजूनं बघायला बोलावलं, पुढे दोन्ही घरांनी मिळून काम सोपवलं. दोघांना विचारूनच हे लिहितोय. नावं आणि गल्ली सांगत नाही. जुन्या घरातल्या निवृत्त प्राध्यापकांना सर म्हणू आणि नवीन घर बांधणाऱ्यांना दादा. तिथे सगळे त्यांना तसंच म्हणतात.

दोन घरं

विश्रामबाग वाढली ती गावाबाहेरची मोकळी वस्ती म्हणून. १९१९ चं विलिंग्डन कॉलेज, १९४७ साली सुरू झालेलं आजचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज, रेल्वे स्टेशन, आणि आजूबाजूला प्राध्यापक, बँकेतले, सरकारी नोकरीतले लोक यांच्या गृहनिर्माण संस्था. ही कॉलनी सत्तरच्या दशकातली. तीन गुंठ्यांचे प्लॉट, साधारण पन्नास फूट रुंद आणि पासष्ट फूट खोल. सरांनी घर बांधलं तेव्हा पुढे फाटक, मागे नारळ, मधे चार खोल्या अशी सगळ्यांचीच घरं होती. भिंतींवर उभं असलेलं लोड बेअरिंगचं काम, पाया साडेतीन फूट खोल, डबराचा, आणि तोही काळ्या मातीतच टेकलेला. त्या काळात बैठ्या घराला तेवढं पुरे मानायचे. जोता, म्हणजे घर ज्यावर उभं राहतं तो चौथरा, आवारापासून दीड फूट.

दादांचं कुटुंब गावभागातलं, म्हणजे नदीजवळच्या जुन्या सांगलीतलं. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही पुरांत त्यांच्या घरात पाणी होतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. हे आकडे सांगलीत शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. दादांच्या आईंना आकड्यांपेक्षा पाणी उतरल्यानंतरचे दिवस जास्त आठवतात: कपाटं फुगून दारं उघडेनात, गादीत गाळ, धान्याच्या कोठ्यांतून येणारा वास. २०२१ नंतर त्यांनी ठरवलं, आता गावभाग सोडायचा. सरांच्या शेजारचा बंगला विकायला निघाला तेव्हा त्यांनी तो घेतला, पाडला, आणि नवीन घराच्या नकाशात जोता रस्त्यापासून चार फूट वर धरला.

चार फूट कशाला, असं मीही विचारलं. इथे नदी येत नाही. आई म्हणाल्या, "नदी येत नाही हे आम्हाला गावभागातपण सांगायचे की, २००५ च्या आधी." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर उत्तर द्यायची गरजही नव्हती. ज्यांनी तीनदा घर धुऊन काढलंय त्यांना चार फुटांचा जोता हवा असेल तर तो हट्ट नाही. शिवाय दादांचा दुसरा मुद्दा इंजिनिअरच्या हिशेबानंही पक्का होता: रस्ते वर येतायत. आज बेताचा जोता ठेवला तर वीस वर्षांनी आपणच खड्ड्यात.

मे महिन्यातलं पाणी

होळीनंतर जुना बंगला पडला. त्याचा राडारोडा थोडा बाहेर गेला, बराचसा आवारातच पसरला. वरून मुरमाच्या गाड्या आल्या. ठेकेदाराचा विचार सरळ होता: शेवटी भर टाकायचीच आहे तर आधीच टाकू, कामाला कोरडी जागा मिळेल. हद्दीपासून हद्दीपर्यंत सगळं आवार सव्वादोन फूट उचललं गेलं. ही भर मधल्या कंपाउंडच्या भिंतीला थेट टेकली.

ही भिंत साडेचार इंची विटांची, दर आठ-दहा फुटांवर एक खांब. गुरं आत येऊ नयेत आणि हद्द दिसावी एवढ्यासाठी पन्नास वर्षांपूर्वी बांधलेली. आडवा दाब घेणं हे तिचं कामच नव्हे. कोरड्या मुरमाचा रेटा तिनं कसाबसा सहन केलाही असता. पण २०२५ चा मे सगळ्यांच्या लक्षात असेल. वळवाचा पाऊस थांबतच नव्हता, आणि मान्सूनही महिना संपायच्या आत राज्यात पोचला. भर भिजली, फुगली, आणि भिंत सरांच्या बाजूला कलली. मी ओळंबा लावला तेव्हा साडेचार फुटांत दीड इंच कल होता आणि दोन खांबांच्या मुळाशी भेग गेलेली होती.

त्याआधीच एका संध्याकाळी सरांच्या स्वयंपाकघरात पाणी शिरलं होतं. नदीचं किंवा गटाराचं नव्हे. नुसतं शेजारच्या आवारातून उतरून आलेलं, लाल मुरमाचं पाणी. काकूंनी ओट्याखालचे डबे वर काढून ठेवले, सर मागच्या दारात पोती लावत बसले. दुसऱ्या दिवशी सर दादांकडे गेले, ते जागेवर नव्हते. ठेकेदार म्हणाला, "पावसाला आम्ही काय करणार?" हे एक वाक्य पुढच्या तीन आठवड्यांच्या अबोल्याला पुरलं. काम थांबवावं म्हणून सरांनी लेखी अर्ज दिला. दादांनी वकील गाठला. गल्लीत दोन तट पडले. ज्यांची घरं जुनी ते सरांच्या बाजूनं, ज्यांनी नुकतंच बांधलंय किंवा बांधायचंय ते दादांच्या बाजूनं.

माझ्या मते दुखणं खरं त्या एका वाक्यात होतं. पाण्यानं नुकसान झालं ते पुसून काढता आलं असतं. त्या संध्याकाळी घरातलं कुणी येऊन "काकू, किती पाणी आलं बघू" एवढं म्हणालं असतं तर अर्ज आणि वकील हे दोन्ही टळले असते.

कायदा काय देतो आणि काय देत नाही

दोन्ही बाजूंना वाटत होतं की कायदा आपल्याकडे आहे. त्यामुळे आधी तेच मोकळं करावं लागलं.

सरांची मागणी होती, जोता खाली घ्यायला लावा. राज्यातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत जोत्याची किमान उंची दिलेली आहे. सभोवतालच्या जमिनीपासून निदान ३० सेंटिमीटर, आणि पुराच्या पट्ट्यात तर पूररेषेच्याही वर ४५ सेंटिमीटर. जोता फार उंच झाला, या एका कारणावर साध्या निवासी प्लॉटचं काम अडवणं अवघड असतं. दादांचा नकाशा मंजूर होता, बाजूला सोडायची जागा नकाशात दोन मीटर दाखवलेली होती आणि जागेवर तेवढी मिळतही होती. सरांना हे ऐकून वाईट वाटलं. पण टिकणार नाही त्या मुद्द्यावर वर्षं घालवण्यापेक्षा ते बरं.

मात्र त्याच नियमात जोत्याची जागा आणि उंची अशी हवी की आवारातल्या पाण्याचा निचरा नीट व्हावा, असंही म्हटलेलं आहे. आणि दादांचे वकील ज्या आधारावर बोलत होते तो तर त्यांच्यावरच उलटत होता. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ७ मध्ये वरच्या जमिनीवरचं पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीत वाहू द्यावं लागतं, असं उदाहरण आहे. वकिलांनी ते वाचून दाखवलं. पण त्यातला नैसर्गिकपणे हा शब्द बाजूला ठेवता येत नाही. एप्रिलपर्यंत दोन्ही आवारं एका पातळीत होती. सव्वादोन फूट भर टाकून तयार केलेल्या उंचीला निसर्गाचा उतार म्हणता येणार नाही. आपल्या छपराचं पाणी शेजाऱ्याच्या आवारात सोडायचा हक्कही कुणाला आपोआप मिळत नाही.

त्याच कलमात जमिनीच्या आधाराचाही हक्क आहे. शेजारच्या मातीनं आपल्या मातीला दिलेला आधार काढून घेता येत नाही. घराच्या वजनासकट असा आधार वीस वर्षं शांतपणे मिळत आला असेल तर कलम १५ नुसार तोही हक्क पक्का होतो. सरांचं घर पन्नास वर्षांचं. म्हणजे पायाच्या खोदाईत त्यांच्या भिंतींना इजा झाली असती तर दादांना हात वर करता आले नसते. उजेडाचंही तसंच वीस वर्षांचं आहे, फक्त थोडा उजेड कमी झाला म्हणून दावा उभा राहत नाही. राहणं खरोखर त्रासाचं व्हावं इतका तो कमी व्हावा लागतो. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर साडेअकरा फूट मोकळी जागा राहत होती. तो मुद्दा सरांनी स्वतःहून सोडला.

थोडक्यात, कोर्टात गेले असते तर सरांना बहुधा पाण्याबद्दल दाद मिळाली असती आणि जोत्याबद्दल नाही. नेमकं हेच जागेवर, विना कोर्ट, करता येण्यासारखं होतं. कारण जोता उचलणं आणि आवार उचलणं ही दोन वेगळी कामं आहेत. ठेकेदारानं ती एक करून टाकली होती, आणि भांडणातही सगळे ती एकच धरून बोलत होते.

नळीनं काढलेली लेव्हल

मी दोघांनाही एकच अट घातली: पुढचं बोलणं लेव्हल काढल्यावर. ऑटो लेव्हल माझ्याकडे आहे, पण त्या दिवशी मुद्दाम पाण्याची नळी वापरली. यंत्रातला आकडा फक्त मला दिसतो. नळीतलं पाणी सगळ्यांना दिसतं.

गवंड्यानं पारदर्शक नळी भरून घेतली, अंगठा दाबून बुडबुडे काढले. एक टोक गल्लीतल्या चेंबरच्या झाकणाशी दादांच्या मुलानं धरलं, दुसरं सरांच्या कंपाउंडवर मिस्त्रीनं. चेंबरचं झाकण रस्त्याच्या मध्याशी एकपातळी होतं, तेच शून्य धरलं. दोन्हीकडचं पाणी हलायचं थांबलं की गेरूनं आडवी रेघ. रेघेपासून टेपनं खाली-वर मोजायचं. तासाभरात सरांच्या कंपाउंडवर, दादांच्या पत्र्याच्या शेडवर, फाटकाच्या खांबावर, सगळीकडे एकाच पातळीच्या लाल रेघा दिसायला लागल्या.

सरांचं आवार रस्त्याच्या नऊ इंच खाली निघालं. सोसायटीच्या जुन्या नकाशाच्या टिपेत प्लॉट रस्त्यापेक्षा सहा इंच वर असल्याचं लिहिलेलं आहे. म्हणजे पन्नास वर्षांत रस्ता पंधरा इंच चढला. दर वेळी जुनं डांबर न खरवडता वर नवीन थर पडला की हेच होतं. सरांचा जोता रस्त्यापेक्षा जेमतेम नऊ इंच वर उरला होता. सर गप्प उभे राहून ती रेघ बघत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे दादांनी काही केलं नसतं तरी पाणी येणारच होतं की हो." पूर्ण बरोबर नव्हतं ते. त्या दिवशीचं पाणी दादांच्याच भरीवरून आलं होतं. पण अर्धं खरं होतं, आणि ते त्यांच्या तोंडून आल्यामुळे पुढचं बोलणं सोपं गेलं.

दादांचं भरलेलं आवार रस्त्याच्या दीड फूट वर होतं. म्हणजे सरांच्या आवारापेक्षा सव्वादोन फूट. दादांच्या आई हे सगळं खुर्चीवर बसून बघत होत्या. त्या मुलाला म्हणाल्या, "आपण ह्यांचा गावभाग केला की रे."

रस्त्याकडेच्या गटाराचा तळ आणखी महत्त्वाचा होता. वरचा गाळ काढून मोजला तेव्हा तळ शून्यापासून चोवीस इंच खाली लागला. गाळच आठ इंचांचा होता. या एका आकड्यावर सगळा तोडगा उभा राहणार होता.

त्याच दिवशी एक नको ती गोष्टही सापडली. दादांच्या त्या बाजूच्या पायाच्या खड्ड्यात चार फुटांवर काळं, वास येणारं पाणी झिरपत होतं. सरांच्या सेप्टिक टँकचा शोषखड्डा हद्दीला लागून होता. काळी माती पाणी खाली जिरू देत नाही, त्यामुळे तो खड्डा वर्षानुवर्षं बाजूलाच पाझरत आला होता. गल्लीत ड्रेनेज लाइन येऊन बराच काळ झाला तरी जोडणी राहूनच गेली होती. पाणी दोन्हीकडून हद्द ओलांडत होतं, हे आता दोघांनाही दिसलं.

काळ्या मातीबद्दल थोडं

इथे थांबून सांगायला हवं, कारण सांगलीत कुणीही जुन्या घराशेजारी बांधत असेल त्याला हे लागणारच. काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. या जागेवर ती साडेसहा फुटांपर्यंत होती, त्याखाली पिवळसर मुरूम. दादांच्या कॉलमचे पाये सात फुटांवर मुरमात बसणार होते, ते बरोबरच होतं. सरांचा पाया मात्र साडेतीन फुटांवर, फुगणाऱ्या मातीत. जुन्या घराला खरा धोका शेजारच्या नवीन घराच्या वजनानं क्वचितच होतो. धोका असतो तो मातीतला ओलावा अचानक बदलण्याचा. आजवर कोरडी राहिलेली बाजू भरीमुळे कायम ओली झाली तर त्या बाजूचा पाया उचलला जातो आणि भिंतीला तिरकी भेग जाते. म्हणून भर भिंतीपासून हटवणं हे कंपाउंड वाचवण्यापुरतं नव्हतं.

खोदाईचा नियमही साधा आहे. वरच्या पायाच्या कडेपासून खालच्या पायाच्या कडेपर्यंत रेघ ओढली तर चिकण मातीत ती दोन आडवे, एक उभा यापेक्षा तीव्र उताराची नको. इथे खोलीतला फरक साडेतीन फूट, म्हणजे निदान सात फूट अंतर हवं. मिळत होतं नऊ. तरीही त्या बाजूचे खड्डे एकदम न खणता एकाआड एक घेतले. खड्डा खणला की त्याच दिवशी पीसीसी, म्हणजे तळाचं साधं काँक्रीट, आणि कुठलाही खड्डा रात्रभर पावसात उघडा ठेवायचा नाही, हे ठेकेदाराकडून लिहून घेतलं.

सरांच्या घरातल्या जुन्या भेगांचे तारखेसकट फोटो काढले आणि चार भेगांवर काचेच्या पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवल्या. पट्टीवर तारीख. भिंत हलली तर काच तडकते, वादच उरत नाही. काम सुरू होण्याआधी हे करून घ्यायला दोघांचाही फायदा असतो. सरांना पुरावा मिळतो आणि दादांना पन्नास वर्षांच्या भेगांचा दोष लागत नाही. पुढे जुलैमध्ये चारपैकी एक पट्टी तडकली, ती दादांच्या बाजूची नव्हती. पलीकडच्या न्हाणीघराच्या भिंतीवरची होती. तिथला नळ भिंतीच्या आत गळत होता. ही पट्टी नसती तर तो आळही दादांवरच आला असता.

काय ठरलं

दादांचा चार फुटांचा जोता तसाच राहिला. सरांनी ते मान्य करायला एक आठवडा घेतला. मी त्यांना एकच विचारलं, "तुम्हाला त्यांचा जोता नडतोय, की त्यांचं पाणी?" काकूंनीच उत्तर दिलं, "पाणी. जोता बघून बघून सवय होईल."

आवार मात्र उतरलं. सरांच्या बाजूची पाच फुटांची पट्टी पुढून मागेपर्यंत जुन्या पातळीला आणायची, आणि भर घराच्या रेषेवरच्या काँक्रीटच्या रिटेनिंग भिंतीनं आत अडवायची. ही भिंत दादांच्याच हद्दीत, त्यांच्याच खर्चानं. पुढचं पार्किंग दीड फुटाऐवजी सहा इंच वर, उतार रस्त्याकडे. मधलं कंपाउंड पाडून दगडी पायावर नवीन बांधायचं. खर्च दादांचा, कारण जुनं त्यांच्या भरीनं कललं होतं. हद्दीच्या खुणांची मोजणी आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून, तिची फी निम्मी निम्मी. सरांनी आपल्या खर्चानं शोषखड्डा बंद करून ड्रेनेजला जोडणी घ्यायची.

आता पट्टीतलं पाणी बाहेर कसं काढायचं? पासष्ट फुटांत शंभरास एक उतार धरला तर जवळपास आठ इंच लागतात. मागच्या टोकाला नाली पट्टीच्या सहा इंच खाली, म्हणजे शून्यापासून पंधरा इंच खाली सुरू केली. पुढच्या टोकाला ती तेवीस इंचांवर येते. गटाराचा तळ चोवीसवर. एक इंच उरला. त्या एका इंचासाठी मिस्त्रीनं नालीचे अर्धगोल पाइप बसवताना नळी तीनदा फिरवली आणि दोन पाइप काढून परत बसवले. एवढ्या कमी उतारात एक जोड जरी वर राहिला तरी पाणी तिथेच तुंबणार. तोंडाशी झडप बसवली, गटार भरून वाहायला लागलं तर पाणी उलटं आत येऊ नये म्हणून.

दादांच्या छपराचं पाणी या नालीत घालायचं नाही, हे मी आग्रहानं लिहून घेतलं. दीड हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर २५ मिलिमीटर पाऊस पडला की साडेतीन हजार लिटर पाणी होतं. ते एका इंचाच्या भरवशावर सोडणं शक्यच नव्हतं. त्याचे पाइप पुढच्या बाजूला वेगळे नेले, काही पाणी जमिनीखालच्या टाकीत. काळ्या मातीत घराशेजारी शोषखड्डे खणून पाणी जिरवायचा सल्ला हल्ली सगळेच देतात. पायापाशी तसं करणं मला मान्य नाही. ज्या मातीला ओलाव्यापासून जपायचं तिलाच आपण पाणी पाजणार, हे कसं चालेल?

हे सगळं पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर उतरवलं, सोबत लेव्हलचा नकाशा. नकाशावर दोघांच्या सह्या आहेत. करारातल्या शब्दांवर पुढे वाद होऊ शकतो, पण चेंबरच्या झाकणापासून किती इंच, यावर व्हायला फारशी जागा नाही. सरांनी अर्ज मागे घेतला. जोत्यापर्यंत काम आल्यावर तपासणीच्या वेळी तोच नकाशा पुढे ठेवला गेला. भर परत उचलणं, रिटेनिंग भिंत आणि कंपाउंड मिळून दादांचा लाखाच्या वर खर्च वाढला. भर टाकायच्या आधी हेच बोलणं झालं असतं तर भर आणण्याचा आणि उचलण्याचा असा दुहेरी पैसा वाचला असता, आणि कंपाउंडही बहुधा वाचलं असतं. याबद्दल ठेकेदाराशी दादांचं बरंच वाजलं. तो त्यांचा प्रश्न.

काकू आणि दादांच्या आई आता संध्याकाळी एकत्र बसतात असं काही मला लिहिता येणार नाही. बोलणं आहे, दिवाळीचं ताट गेलं-आलं. सर अजून दादांना थोडे अवघडूनच भेटतात.

जे राहिलं

ऑगस्टमधल्या पावसात पट्टीतून पाणी व्यवस्थित गेलं. सरांच्या स्वयंपाकघरात आलं नाही. मात्र पुढच्या बाजूनं, रस्त्यावरून फाटकातून, दोनदा आलं. ते दादांचं नाही. रस्ता पंधरा इंच चढलाय आणि गटारात गाळ परत साचतोय, त्याचं ते पाणी. गटाराचा तळ आणि नालीचं तोंड यात एकच इंच आहे. गाळ दोन इंच साचला की दोन्ही घरांचा तोडगा बाद होतो. त्यामुळे या दोन घरांचा प्रश्न या दोन घरांत सुटण्यासारखा नाहीच.

गल्लीतल्या बाकीच्या जुन्या घरांची लेव्हलही मग काढली. एक घर सोडलं तर सगळी आवारं रस्त्याखाली आहेत. सर आणि दादा या दोघांनी मिळून निवेदन लिहिलं: यापुढे डांबराचा थर टाकण्याआधी जुना खरवडावा, आणि पावसाळ्याआधी गटार तळापर्यंत काढावं. सोबत लेव्हलचा तक्ता जोडलाय, शून्य त्याच चेंबरच्या झाकणाचं. मे महिन्यापासून एकमेकांच्या विरोधात असलेल्या दोन्ही तटांच्या सह्या त्यावर आहेत. अजून उत्तर आलेलं नाही. दरम्यान गल्लीच्या टोकाचा बंगला विकला गेलाय. नवीन मालकांनी भर मागवण्याआधी सरांकडे येऊन तो तक्ता मागितला. त्यांच्या प्लॉटचं आवार शून्यापासून अकरा इंच खाली आहे, आणि शेजारच्या घराचा जोता सात इंच वर.